चोवीस तास पाणी: आधी मीटर की आधी दाब?

कृष्णाकाठ

परवा आमच्या गावात पाण्याच्या मीटरवरून बोलावलेली सभा उधळली. "आधी पाणी द्या, मग मीटर लावा," या वाक्यावर टाळ्या पडल्या आणि माणसं उठून गेली. माझं मत उलटं आहे. तिथे बोलायला मिळालं नाही, म्हणून इथे लिहितो.

आमच्याकडे दिवसाआड पाऊण तास पाणी येतं. ज्याची मोटर मोठी त्याची टाकी आधी भरते. चढावरच्या लोकांनी नळ खाली घ्यायला दारात खड्डे खणलेत. आणि ताजं पाणी आलं की परवाचं भरलेलं पिंप मोरीत ओततात. हे ओतणं मला सगळ्यात जास्त लागतं. उद्या येईल याचा भरवसा नाही म्हणून साठवायचं, आणि शिळं झालं म्हणून फेकायचं. धरण कितीही मोठं बांधा, या सवयीपुढे ते पुरणार नाही.

कऱ्हाडला लागून मलकापूर आहे. तीस हजारांच्या आसपास वस्ती, कोयनेचं पाणी. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने २००९ च्या सुमारास तिथे चोवीस तासांची योजना चालू केली. घरोघर मीटर बसवले, वापर वाढेल तसा चढता दर लावला. मोठ्या महापालिकेचा पैसा त्या नगरपंचायतीकडे नव्हता. माझी मावशी तिथे राहते. तिच्या मोरीत पिंपच नाही. नळ सोडला की पाणी येतं, मग भरून कशाला ठेवायचं?

मीटरशिवाय हे झालं नसतं. किती पाणी सोडलं आणि किती पोचलं हे कळत नसेल तर गळती कुठे शोधणार?

धंतोलीकर

मलकापूरचं कौतुक मलाही आहे, पण तीस हजारांच्या गावावरून पंचवीस लाखांच्या शहराचा हिशेब मांडू नका. आमच्या नागपूरने हा प्रयोग देशात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केला. आधी धरमपेठ झोनमध्ये पथदर्शी प्रकल्प झाला. मग २०१२ पासून अख्ख्या शहराचं पाणी खाजगी कंपनीकडे २५ वर्षांसाठी दिलं. पेंच आणि कन्हानचं पाणी भरपूर आहे. तरी एवढ्या वर्षांनंतरही सगळ्या शहराला चोवीस तास पाणी मिळत नाही. मीटर मात्र लागले.

मुद्दा मीटरचा नाही, कृष्णाकाठ. पाणी पोचलं नाही तर विचारायचं कुणाला, हा आहे. नगरसेवक म्हणतो कंत्राटदाराला विचारा, कंत्राटदार म्हणतो जुनी लाइन महापालिकेची. पंचवीस वर्षांचा करार म्हणजे एक पिढी. तेवढ्या काळात पाच निवडणुका होतात, पण करार तोच राहतो.

कृष्णाकाठ

धंतोलीकर, तुम्ही खाजगीकरणावर बोलताय, मी मोजमापावर. मलकापूरची योजना सरकारी यंत्रणेनेच उभी केली. ओडिशातल्या पुरीत २०२१ च्या जुलैपासून लोक नळाचं पाणी न उकळता, न गाळता पितात. तिथली वॉटको ही कंपनी राज्य सरकारचीच आहे. बचत गटांतल्या बायका 'जलसाथी' म्हणून घरोघरी जातात, मीटर वाचतात, बिलाचे पैसे घेतात आणि तिथेच पाणी तपासून दाखवतात. ज्या बाईला आपण ओळखतो तिच्या हातात पाणीपट्टी देताना माणूस कुरकुरत नाही.

दोन_हंडे

कुरकुरतो. मी सांगते का.

आमच्या शहराचं नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी मीटर लावले. पाणी मात्र पूर्वीसारखंच, दिवसातून एक तास. पाणी यायच्या आधी पाच मिनिटं नळातून नुसती हवा येते, सूं सूं करत, आणि त्या हवेवर मीटरचा काटा गरगर फिरतो. मी स्वतः बादली खाली ठेवून पाहिलंय. बादली कोरडी आणि आकडा पुढे गेलेला. तक्रार केली तर "मीटर बरोबर आहे" असं लेखी उत्तर आलं. हवेचे पैसे आम्ही का भरायचे, सांगा ना. तुमच्या सभेतली माणसं अडाणी नव्हती, दादा. त्यांनी कुठेतरी हेच ऐकलं असणार.

निवृत्त_उपअभियंता

ताई, तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. बंद पडलेली लाइन हवेने भरते आणि पाणी सुटलं की ती हवा पुढे ढकलली जाते. साधं फिरत्या पात्याचं मीटर हवा आणि पाणी यात फरक करत नाही. लाइनीतली हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व नीट असतील तर त्रास कमी होतो, पण आपल्याकडे ते चोरीला जातात किंवा गंजून बसतात. त्यामुळे तासभर पाणी येणाऱ्या लाइनीवर लावलेलं मीटर लोकांच्या मनातून उतरतं, आणि एकदा उतरलं की पुन्हा चढत नाही.

मी तीस वर्षं नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्यात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कृष्णाकाठ, तुमचं निम्मं खरं आहे. मोजमाप हवंच. पण पहिलं मोजमाप ग्राहकाच्या दारात नको, गावाला पाणी सोडणाऱ्या उंच टाकीच्या पायथ्याशी हवं. ज्या गावांत मी नोकरी केली, तिथे किती पाणी उपसलं हे पंपाच्या तासांवरून 'काढलं' जायचं. पंप दहा तास चालला म्हणजे इतके लाख लिटर. पंप झिजलेला असला तरी तेवढेच. पाइपांचा नकाशा नव्हता, तो व्हॉल्वमनच्या डोक्यात होता. कोणत्या गल्लीत किती आटे उघडायचे, कोणती लाइन कुठे जोडली आहे, हे एकाच माणसाला माहीत. तो निवृत्त झाला त्या वर्षी आम्ही सहा महिने रस्ते खणत होतो. त्याच्या जागी माणूस भरला नाही, रोजंदारीवर कुणीतरी आला.

दुसरं दाबाबद्दल. लाइन बंद असते तेव्हा ती नुसती रिकामी राहत नाही, बाहेरचं आत ओढते. आपल्या जुन्या गल्ल्यांत पिण्याची लाइन आणि ड्रेनेज शेजारी शेजारी, कधी कधी एकाच चरात. जॉइंट गळका असेल तर दाब असताना पाणी बाहेर जातं आणि दाब गेला की आजूबाजूची घाण आत येते. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी गढूळ का येतं, त्याचं एक मोठं कारण हे. जंतू मारायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कितीही टाका. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हाही पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्याचाच प्रश्न होता. चोवीस तास दाब ठेवणं ही श्रीमंती नव्हे, आरोग्याची गरज आहे.

म्हणून माझा क्रम असा. एका टाकीखालचं क्षेत्र वेगळं पाडायचं. टाकीवर मोठं मीटर, गळती काढायची, सडलेले नळजोड बदलायचे, दाब कायम ठेवायचा. तीन-चार महिने लोकांनी चोवीस तास पाणी वापरलं की घरच्या मीटरवरून बिल लावायचं. मग पुढची टाकी. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ भाग पाडले, त्यामागे हाच विचार आहे. वेळ फार लागला हे खरं. पण अख्ख्या शहरात एकदम मीटर ठोकायला गेलात की सभा उधळतातच.

सिंहगडरोडवासी

पुण्याचं नाव निघालं म्हणून. १४१ भाग झाले, आणि भागांच्या बाहेर जे राहिले त्यांचं काय?

आम्ही नव्याने महापालिकेत आलेल्या पट्ट्यात राहतो. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. हातापायातली ताकद जाऊन माणसं व्हेंटिलेटरवर गेली. नांदेड गावच्या विहिरीतून या परिसराला पाणी जात होतं आणि त्यावर शुद्धीकरण नव्हतं, फक्त क्लोरीन टाकत होते. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. खडकवासला धरण आमच्या घरापासून काही किलोमीटरवर आहे, पण शुद्ध पाणी आमच्यापर्यंत येत नाही. त्या महिन्यात माझ्या सोसायटीत लहान मुलांना आंघोळीलाही उकळलेलं पाणी देत होते. मीटर आधी की दाब आधी, हा तुमचा वाद ज्यांच्याकडे शुद्धीकरण केंद्राचं पाणी पोचतं त्यांचा आहे.

निवृत्त_उपअभियंता

मान्य. गाव महापालिकेत आलं की घरपट्टी लगेच बदलते, पाइप मात्र दहा वर्षांनी येतो. त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

मैलापाणी

सगळे येणाऱ्या पाण्याबद्दल बोलताय. गेलेल्या पाण्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि तेच पुढच्या गावाच्या पिण्यात येतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं असं म्हटलंय. प्रत्यक्ष शुद्ध होत होतं २०,२३५ दशलक्ष लिटर. केंद्रांची क्षमता ३१,८४१ होती, म्हणजे उभारलेली केंद्रंही पूर्ण चालत नव्हती. का? कारण केंद्र बांधायला अनुदान मिळतं, चालवायला वीजबिल स्वतः भरावं लागतं. उद्घाटनाला मंत्री येतात, सांडपाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला की कुणी येत नाही. कित्येक ठिकाणी घराघरातून केंद्रापर्यंत मैला नेणारी गटारच जोडलेली नसते.

धंतोलीकर, नागपूरवर तुम्ही रागावलात, पण हे काम तिथेच नीट झालंय. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीच्या कोराडी वीजकेंद्राला जातं. वीजकेंद्राला थंड करायला लागणारं तेवढं धरणाचं पाणी लोकांसाठी वाचतं आणि महापालिकेला पैसे मिळतात. चेन्नईत २०१९ पासून कोडुंगैयूर आणि कोयंबेडूला रोज प्रत्येकी ४५ दशलक्ष लिटर सांडपाणी आरओपर्यंत (बारीक पडद्यातून क्षार गाळण्यापर्यंत) शुद्ध करून उद्योगांना विकतात. नवी मुंबईनेही एमआयडीसीला असं पाणी द्यायला केंद्रं उभारली. घरच्या पाणीपट्टीवर सगळा भार टाकण्याआधी हे गिऱ्हाईक शोधा. कारखाना वेळेवर पैसे देतो.

धंतोलीकर

भांडेवाडीचं मान्य आहे. तो करार चांगला झाला, कारण पाणी किती लिटर गेलं आणि कोणत्या दर्जाचं गेलं यावर पैसे आहेत. नळाच्या करारातही तसंच असायला हवं होतं: इतक्या घरांना इतके तास इतक्या दाबाने, नाहीतर पैसे नाहीत.

वस्तीतला_नळ

मीटर आणि चढता दर म्हणताय, पण आमच्या वस्तीत एका नळावर चौदा घरं आहेत. एकच मीटर लावलं तर चौदा घरांचा वापर मिळून सगळ्यात वरच्या दराचा टप्पा लागेल. श्रीमंताच्या बंगल्यात चार माणसं, त्यांना खालचा टप्पा. यावर काय?

कृष्णाकाठ

हे मी विचारातच घेतलं नव्हतं. खरं सांगतो, चढत्या दराला मी आपोआप गरिबाच्या बाजूचा समजत होतो.

हिशेब करून पाहिला. शहरी पाणीपुरवठ्याचा मान्य निकष माणशी रोज १३५ लिटर. पाच जणांच्या घराला महिन्याला साधारण वीस हजार लिटर. दिल्लीत २०१५ पासून वीस हजार लिटरपर्यंत बिल शून्य आहे, पण चालू मीटर असलेल्या घरालाच. तुमच्या नळावर चौदा घरं धरून टप्पे पाडले, म्हणजे पहिला टप्पा २,८०,००० लिटरपर्यंत धरला, तर अन्याय होणार नाही. पण त्यासाठी चौदा घरं नोंदीत असावी लागतील.

वस्तीतला_नळ

नोंदीत नाही म्हणून तर एक नळ आहे. नोंद झाली तर आम्ही पैसे भरू. आत्ता वीस लिटरचा जार तीस रुपयांना घेतो. हजार लिटरला दीड हजार झाले. इतका दर तुमच्या कुठल्याही टप्प्यात नसेल.

दोन_हंडे

उपअभियंता काका, तुमचा क्रम मला पटला. एकच विचारते. आमच्याकडे मीटर आधी लागून गेले. आता उलट फिरून दाब आधी देता येईल का? की मीटर काढूनच टाकायचे?

निवृत्त_उपअभियंता

काढू नका. चोवीस तास दाब येईपर्यंत मीटरच्या आकड्यावर बिल लावू नये, ठरावीक पाणीपट्टीच घ्यावी, असा अर्ज करा. आकडे मात्र नोंदवायला सांगा. टाकीवर किती सुटलं आणि तुमच्या सगळ्या मीटरवर मिळून किती आलं, यातला फरक दर महिन्याला कार्यालयाबाहेर फलकावर लावा म्हणावं. एका टाकीपुरतंच मागा, सगळ्या शहराचं मागू नका. आणि अर्जाला जोडून, पाणी यायच्या आधीच्या पाच मिनिटांत किती आकडा फिरला याची आठवड्याभराची नोंद द्या. वेळ, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, बादलीत काय होतं. चार-पाच घरांनी मिळून केलीत तर "मीटर बरोबर आहे" एवढ्यावर कुणाला थांबता येणार नाही.

दोन_हंडे

उद्या पहाटे पाच चाळीसला पाणी येतं. वही घेऊन बसते. शेजारच्या दोघींना सांगितलंय.