विल्हेल्म राइश : पेटी मोडा, पण पुस्तकं का जाळली?

आडवळण (धागाकर्ता):
मनोविश्लेषक विल्हेल्म राइशचं नाव निघालं की लोक हसतात. लाकूड-पत्र्याची कपाटाएवढी पेटी, आत बसायचं, आणि म्हणे विश्वातली 'ऑर्गोन' ऊर्जा अंगात मुरते! हसा, मीही हसतो. पण पेटीच्या आधीचा राइश कोण वाचतं? १९२० मध्ये, वैद्यकीचा विद्यार्थी असतानाच, फ्रॉइडच्या व्हिएन्नातल्या मनोविश्लेषण मंडळाने त्याला सभासद करून घेतलं. रुग्ण काय बोलतो याइतकंच तो कसं बोलतो, जबडा कधी आवळतो, श्वास कुठे अडकतो, हे पाहायला त्याने शिकवलं. १९३३ मध्ये त्याने फॅसिझमवर लिहिलं : धाकात वाढलेलं मूल मोठेपणी हुकूमशहाच्या मागे जातं. त्याच सुमारास कम्युनिस्टांनी त्याला काढलं, १९३४ मध्ये मनोविश्लेषकांनी. नाझींपासून तर पळावंच लागलं. एवढ्या जणांना नकोसा झालेला माणूस अगदीच टाकाऊ असेल?

पावशेर:
सगळ्यांनी हाकललं म्हणजे खरा, हा कुठला न्याय? आमच्या सोसायटीतून पण एकाला सगळ्यांनी हाकललं होतं, तो खरंच चोर होता.
आधीचा आणि नंतरचा असे दोन राइश नाहीतच. १९२७ मध्येच त्याचं म्हणणं होतं की मज्जाविकृतीच्या (न्यूरोसिस, म्हणजे मनाच्या आजाराच्या) मुळाशी तुंबलेली लैंगिक ऊर्जा असते. फ्रॉइडकडे ती निदान कल्पना होती. हा ती मोजायला निघाला, मग पेटीत भरायला. बी तेच, झाड तेच.

निंबोळी:
राइशने लहानपणी आईचे शिकवणीच्या मास्तरांशी असलेले संबंध वडिलांच्या कानावर घातले. पुढे आईने विष घेतलं. दडपणाविरुद्धचा त्याचा सगळा लढा मला तिथे सुरू झालेला दिसतो.

पावशेर:
निंबोळीताई, मनोविश्लेषकाचंच मनोविश्लेषण नको. विचार चूक की बरोबर, ते बोला.

टिपकागद:
मग आइनस्टाइनचं बघा. जानेवारी १९४१ मध्ये राइश प्रिन्स्टनला जाऊन त्याच्याशी जवळजवळ पाच तास बोलला. पेटीवरचं तापमान खोलीपेक्षा किंचित जास्त भरतं, हा त्याचा पुरावा. आइनस्टाइनने उडवून लावलं नाही, पेटी ठेवून घेतली आणि मोजलं. फरक दिसला! पण कारण निघालं खोलीतल्या हवेचं अभिसरण. राइशने लांबलचक पत्र लिहिलं, आइनस्टाइन गप्प झाला. प्रयोगाचा निकाल विरुद्ध गेल्यावर माणूस काय करतो, त्यावरून मी त्याला शास्त्रज्ञ म्हणायचं की नाही ते ठरवतो.

आडवळण:
पेटीबद्दल वाद नाहीच हो! १९५४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने पेट्यांवर बंदी घातली, ठीक. पण १९५६ मध्ये त्याच आदेशावरून न्यूयॉर्कच्या कचराभट्टीत त्याची पुस्तकं टनावारी जाळली, आणि त्यांत फॅसिझमवरचं पुस्तकही होतं. नाझींनी बंदी घातलेला लेखक अमेरिकेत जाळला गेला.

टिपकागद:
जाळणं निर्लज्जपणाच. पण राइश त्या बंदीच्या खटल्याला हजरच राहिला नाही. न्यायाधीशाला कळवलं की विज्ञानाचा निवाडा कोर्टात होत नाही. मग आदेश एकतर्फीच निघणार. तो मोडल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि नोव्हेंबर १९५७ मध्ये लुइसबर्गच्या तुरुंगातच वारला.

पावशेर:
आणि कर्करोगाच्या रुग्णांना त्या पेटीत बसवलं होतं, त्याचं काय? त्यावर धागाकर्त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही.

आडवळण:
नाही लिहिली. मुद्दाम टाळली. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.