रंगीत स्पोर्ट्स लेन्सने डोळ्यांवर येणारी उन्हाची चमक खरंच कमी होते का?

पॉइंटचा फील्डर, सांगली
डिसेंबरात सकाळी साडेआठची मॅच. कृष्णेवरचं धुकं अजून विरलेलं नसतं आणि सूर्य बॅट्समनच्या खांद्यामागून थेट डोळ्यात येतो. कट मारला की चेंडू अर्धं अंतर आल्यावरच दिसतो. गेल्या मोसमात दोन कॅच असेच सुटले आणि एक ओठावर बसला. आता मी अंबर, म्हणजे पिवळट-नारिंगी रंगाच्या कॉन्टॅक्ट लेन्स घालतो. ही कल्पना नवी नाही, 2005 मध्ये नायकी आणि बॉश अँड लॉम्ब या कंपन्यांनी मॅक्ससाइट नावाच्या लेन्स आणल्या होत्या: वेगवान चेंडूच्या खेळांना अंबर, कडक उन्हातल्या खेळांना करड्या-हिरव्या. डोळ्यात निळा प्रकाश जास्त विखुरतो. अंबर लेन्सने तो दारातच अडवला तर विखुरणार काय? आमच्या क्लबातले काही जण याला फॅड म्हणतात. माझ्या मते डोळ्याला नंबर असलेल्या प्रत्येक फील्डरने त्या वापरून पाहाव्यात.

चष्मेवाला सातारकर
दादा, वीस वर्षं डोळे तपासतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. प्रकाश विखुरतो तो लेन्सच्या मागे: कॉर्नियात (बुबुळावरच्या पारदर्शक थरात), डोळ्यातल्या भिंगात, थोडा डोळ्यामागच्या पडद्यावरून उलटून. त्याचा पांढुरका थर चेंडूच्या प्रतिमेवर पसरतो. समजा चेंडूकडून 40 भाग प्रकाश येतोय आणि विखुरलेला 20. लेन्सने सगळाच निम्मा केला तर 20 आणि 10. प्रमाण होतं तेच राहिलं. डोळ्याला गार वाटतं, पण चेंडू त्याने उठून दिसत नाही.

निळ्याचं तुमचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. आपल्यासारख्या गडद डोळ्यांत निळा भाग खरोखर जास्त विखुरतो. पण साडेआठचा सूर्य आठवा, पिवळसर असतो. खाली असलेल्या सूर्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, निळा बराचसा वाटेतच गळतो. मग तुमची लेन्स अडवणार काय?

आणि चेंडू लाल. उंच कॅचला मागे निळं आकाश असतं आणि लाल चेंडू त्यावर काळपट दिसतो. अंबर लेन्स आकाशच काळवंडवते, म्हणजे फरक वाढण्याऐवजी किंचित कमीच होतो. पांढऱ्या चेंडूला किंवा टेनिसच्या पिवळ्याला ती मदत करेल. हिरवळीवरून सरपटत येणारा लाल चेंडूही कदाचित बरा दिसेल.

घाटधावी, सातारा
सर, गणित पटलं. पण मी यवतेश्वरचा घाट पळतो आणि करड्या-हिरव्या लेन्स सोडणार नाही. गॉगल घामाने वाफाळतो, नाकावरून घसरतो, कडेने ऊन आत येतं ते वेगळंच. लेन्स बाहुलीवरच बसलेली, त्यामुळे मान कुठेही वळवली तरी ऊन तेवढंच. डोळे मिचकावत चार किलोमीटर चढ पळून बघा, कपाळ दुखतं. विखुरणं कमी होवो न होवो, डोळा उघडा राहतो हेच माझ्यासाठी पुष्कळ.

चष्मेवाला सातारकर
आरामाबद्दल वाद नाहीच. पण वाऱ्यात मऊ लेन्स सुकते, वरचा अश्रूंचा थर तुटतो, आणि मग ती स्वतःच प्रकाश विखुरायला लागते. शिवाय सावलीच्या वळणावर ती काढता येत नाही. टोपीची झडप मात्र सूर्याचा प्रकाश डोळ्यात शिरायच्या आधीच अडवते आणि चेंडूचा येऊ देते. प्रमाण बदलतं ते तिथे.

आई, विश्रामबाग
माझा मुलगा पंधराचा. क्रिकेट खेळतो, सकाळी तालमीतही जातो. नंबर नाही, तरी एका दुकानात डोळे न तपासता अशा लेन्स द्यायला तयार होते. घेऊ का?

चष्मेवाला सातारकर
नको, ताई. बिननंबरच्या लेन्सही तपासून, मापानेच घ्यायच्या असतात. आखाड्यातली लाल माती लेन्सखाली गेली तर कॉर्नियावर ओरखडे पडतात. नदीत पोहताना तर घालूच देऊ नका, पाण्यातल्या अमिबाने होणारा संसर्ग दृष्टी नेऊ शकतो.

पॉइंटवाल्या दादांनी एक करून पाहावं. संध्याकाळी लांबच्या दिव्याकडे बघा आणि एक डोळा मिटून दिवा अंगठ्याआड झाका. भोवतीचं वलय गेलं तर ते तुमच्या डोळ्यात होतं. राहिलं तर हवेतल्या धुक्याचं.

पॉइंटचा फील्डर, सांगली
काल मोटरसायकलीच्या हेडलाइटवर केलं. लेन्स न घालता. उजव्या डोळ्याचं वलय अंगठ्यामागे पूर्ण गेलं, डाव्या डोळ्याला मुळात फारसं नव्हतंच. आकाशातल्या लाल चेंडूचं मान्य करतो, पण कटला मागे हिरवळ असते, तिथे मला फरक जाणवतो आणि लेन्स मी घालणारच. उजव्याचं मात्र डोक्यातून जात नाही. वय 52.

चष्मेवाला सातारकर
वयाबरोबर डोळ्यातलं भिंग जास्त विखुरतं, पासष्टीपर्यंत तरुणपणाच्या साधारण दुप्पट. पण ते दोन्ही डोळ्यांत जवळपास सारखं वाढायला हवं. एकाच डोळ्यात असेल तर मोतीबिंदूची सुरुवात आहे का ते बघावं लागेल. तुमच्याकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, तेव्हा गाडी चालवायला कुणाला तरी बरोबर न्या.