हेप्टाथेलिडी: वेगळं कुल की उपकुलच बरं?

तंतुमित्र:
मेसोथेली म्हणजे पोटावर खंडांचे पट्टे शाबूत असलेले, बिळाला झाकण लावणारे कोळी. जिवंत प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) आठ. लिफिस्टिअस म्यानमार ते सुमात्रा. हेप्टाथेला वगैरे बाकी सात चीन, व्हिएतनाम, जपानकडे. सगळ्यांचं मिळून कुल (फॅमिली) लिफिस्टिडी; १९३९ मध्ये कोळी-अभ्यासक पेट्रुन्केविचने हेप्टाथेलाला हेप्टाथेलिडी हे वेगळं कुल दिलं, तेव्हापासून घोळ चालू आहे.
माझ्या मते वेगळंच हवं. लिफिस्टिअसच्या बिळाच्या तोंडापासून जमिनीवर सहा-आठ रेशमी धागे पसरलेले असतात; किड्याचा पाय लागला की आत वर्दी पोचते. बाकी सातांत असा धागाच नाही. नराच्या पाल्पच्या (तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाच्या) टिबिया या खंडावरचं प्रवर्धन, म्हणजे पुढे आलेला भाग, आणि मादीच्या जननांगातला छिद्रपट (छिद्रं असलेली पट्टी) हेही फक्त लिफिस्टिअसला. आणखी काय हवं?

भिंगवाला:
लक्षणं मान्य, निष्कर्ष अमान्य. धागे 'नसणं' सातांना एकत्र बांधत नाही. ते बहुतेक कोळ्यांना नसतातच. शिवाय फोड केली तर लिफिस्टिडीत एकटा लिफिस्टिअस उरतो, म्हणजे एकाच गटाला दोन नावं. हेप्टाथेलिनी हे उपकुल तेच काम करतं. २०१५ च्या डीएनए अभ्यासातही आठही प्रजाती मिळून एकच फांदी (एकाच पूर्वजाचा वंश) ठरली, उगम ३.९ ते ५.८ कोटी वर्षांपूर्वीचा.

तंतुमित्र:
मग २०१८ मध्ये हेक्झाथेलिडी या दुसऱ्या कुलातून सिडनीचे फनेलवेब कोळी काढून अॅट्रॅसिडी हे नवं कुल केलं, ते चाललं?

भिंगवाला:
तिथे नाइलाज होता. हेक्झाथेलिडी एका फांदीचं निघालंच नाही. इथे तसं काही मोडलेलं नाही, मग दुरुस्ती कशाची?

बीळशोध्या:
कुलाचं काहीही करा, खरी बोंब जातीच्या पातळीवर आहे. पिल्लांवरून जात ठरत नाही. मादीच्या शुक्रकोशांचा (नराचं वीर्य साठवणाऱ्या पिशव्यांचा) आकार एकाच टेकडीवर बदलतो, तरी एका मादीवर नवी जात जाहीर होते! निदान चार-पाच माद्या आणि नर हवेतच. नर मोसमात थोडेच दिवस सापडतात, म्हणून मोठी पिल्लं पाळून प्रौढ करावी लागतात. जननांग सोडवून १० टक्के पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) ठेवा, पण दर काही मिनिटांनी भिंगाखाली बघा. जास्त राहिलं की पातळ भिंती चुरगळतात, आणि मग चित्रात दिसणारा 'वेगळा आकार' ही त्या पोटॅशचीच करामत असते. डीएनएसाठी एकाच बाजूचे पाय ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, थेट फ्रीझरमध्ये. धड ८० टक्क्यांत. सगळा कोळी ७० टक्क्यांत बाहेर ठेवला तर डीएनएचे तुकडे पडतात.

तंतुमित्र:
पोटॅशचं पटलं. पण टिबियाचं प्रवर्धन कशात बुडवलं तरी जागचं हलत नाही. कुलाबाबत मत कायम.