ऑक्शनवर डीसी म्हणून घेतलेलं मॉडेल रेल्वे इंजिनचं चॅसिस एसी निघालंय, सेलर ऐकत नाहीये. काय करावं?

रूळबाज_ठाणे:

नमस्कार मंडळी, जरा लांबड लावतोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. माझा मॉडेल रेल्वेचा लेआऊट साधा एचओ (१:८७) आहे, दोन रुळांचा, डीसी, डीकोडर (डिजिटल कंट्रोलची चिप) वगैरे भानगड नाही. जर्मन व्ही २०० डिझेल इंजिनची एक लाल बॉडी बरीच वर्षं नुसती पडून होती, मोटर मेलेली, म्हणून तिच्यासाठी चालू चॅसिस शोधत होतो. शेवटी एका ऑक्शन साईटवर जर्मनीतल्या एका प्रायव्हेट सेलरकडे मेर्कलिन ह्या जर्मन कंपनीचं चॅसिस दिसलं. वर्णनात स्पष्ट लिहिलेलं की हामो आहे, डीसी आहे, टेस्ट केलंय, चालतंय. बोली लावली, मिळालं, कस्टम्सने त्यांचा वाटा घेतला, पार्सल घरी आलं.

रुळावर ठेवलं आणि कंट्रोलर लगेच ट्रिप. उचललं की सगळं ठीक, ठेवलं की ट्रिप. मल्टिमीटर लावला तर डाव्या-उजव्या चाकांत थेट कंटिन्युइटी, मीटर टींऽऽ करत बसतो. खाली स्लायडर (मधल्या रुळावरून करंट उचलणारी पट्टी) नाहीये, पण स्क्रूचं एक रिकामं भोक आहे आणि एक वायर मोकळी लोंबतेय, टोकाला जुनं सोल्डर.

सेलरला लिहिलं तर म्हणतो माझ्याकडे चालत होतं, प्रायव्हेट सेल आहे, रिटर्न घेत नाही, तुमचा ट्रॅक बघा. ट्रॅक माझा व्यवस्थित आहे हो, बाकीची चार इंजिनं त्याच्यावर पळतायत. तर प्रश्न दोन. हे नक्की एसीच आहे हे सिद्ध कसं करायचं, आणि पैसे परत मिळतात का की हे आता शोकेसमध्ये ठेवायचं?

नेकारकाठचा_पक्या:

मी श्टुटगार्टला असतो, मेर्कलिनचं गाव ग्योपिंगेन इथून जवळच, त्यामुळे हा घोळ नवीन नाही. ९९ टक्के तुझं चॅसिस मेर्कलिनच्या तीन रुळांच्या एसी सिस्टिमचंच आहे आणि आधीच्या कोणीतरी स्लायडर काढून टाकलाय. सेलर कदाचित खोटारडा नसेलही. घरातल्या म्हाताऱ्याचं कलेक्शन विकायला काढतात, खाली स्लायडर दिसला नाही की डीसी असं समजून लिहून मोकळे होतात, त्यात हामोचा रिकामा डबा सोबत असला की बघायलाच नको. हामो म्हणजे मेर्कलिनचीच डीसी आवृत्ती, इंजिन वरून अगदी तेच दिसतं. फरक पोटात असतो.

पोटात बघ. मोटरच्या आर्मेचरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) बाजूला तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे का? असेल तर ती फील्ड कॉइल, म्हणजे एसी. हामोत त्या जागी परमनंट मॅग्नेट असतो, तारबीर काही नाही. शिवाय जवळपास एक छोटा रिले दिसेल, स्प्रिंगवाला. मेर्कलिनच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवरून २४ व्होल्टचा झटका दिला की तो टक्कन पलटतो आणि इंजिन उलट्या दिशेने जातं. डीसीला ह्या रिलेचं काही कामच नाही, तिथे पोलॅरिटी बदलली की दिशा बदलते.

आता पुरावा. व्हिडिओ काढ. कंट्रोलरची एक वायर त्या लोंबत्या वायरीला लाव, दुसरी चॅसिसच्या धातूला, चाकं वर करून. हळू व्होल्टेज वाढव, मोटर फिरेल, कारण फील्ड कॉइलवाली मोटर डीसीवरही फिरते. मग फक्त डायरेक्शनचं बटण पलट. चाकं त्याच दिशेने फिरत राहिली तर विषय संपला, एसी. उलटी फिरली तर परमनंट मॅग्नेट. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, एकच शॉट, मध्ये कट नको, सुरुवातीला पार्सलवरचं लेबल दाखव.

आणि काहीही सोल्डर करू नकोस, स्क्रू फिरवू नकोस. एकदा हात लावलास की तो म्हणेल तूच बिघडवलंस.

रूळबाज_ठाणे:

पक्या, जबरी. आत्ताच केलं. तांब्याची तार आहे, रिले पण आहे, आणि डायरेक्शन पलटवल्यावर चाकं ढिम्म त्याच दिशेने. म्हणजे एसी पक्कं. पण मग तो प्रायव्हेट सेल, नो रिटर्न म्हणतोय त्याचं काय? आणि एक, थोडं रखडत फिरतंय, ट्रॅक्शन टायर (चाकांवरचे रबर) पण कडक झालेत, दोन कपलर (डबे जोडायचे हुक) तुटलेत, हे सगळं पण लिहू ना तक्रारीत?

सोपान_मिस्त्री:

नका लिहू हे सगळं. मी बरीच वर्षं जुनी इंजिनं उघडतोय म्हणून सांगतो, ग्रीस घट्ट होणं, टायर कडक होणं, ब्रश झिजणं ही तक्रार नव्हे, ते वय आहे. कॉटन बडवर आयसोप्रोपिल घेऊन जुनं ग्रीस पुसून काढा, दाताळ चाकांना थेंबभर नवीन तेल द्या, टायर बदला, पळायला लागतं. चाळीस वर्षांपूर्वीचा माल घेताना ह्या गोष्टी बोलीतच धरायच्या असतात. तुम्ही सहा मुद्दे लिहिलेत की सेलर सर्वात कच्चा मुद्दा उचलतो, टायरवर वाद घालत बसतो आणि डीसी-एसीचा खणखणीत मुद्दा बाजूला पडतो. कपलरसुद्धा सोडा, ते फोटोत तुटलेले दिसत होते का बघा आधी, दिसत असतील तर तुम्ही बघूनच घेतलंत असं होतं.

एकच वाक्य. तुमच्या वर्णनात डीसी लिहिलंय, आलेला माल एसी आहे, हा व्हिडिओ. बास.

हां, एका बाबतीत मात्र वय म्हणून सोडू नका, ते म्हणजे झिंक पेस्ट (मलम नव्हे, जस्ताला लागणारी कीड). ओतीव धातूची फ्रेम फुगलेली, वाकलेली, केसासारख्या चिरा गेलेल्या दिसतात आणि हातात भुगा होतो. ओतताना जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरे गेलं की ते आतून फुटत जातं, युद्धापूर्वीच्या मॉडेलांत जास्त. ते दुरुस्त होत नाही, चिकटवायला गेलात तर शेजारी फुटतं. सेलरने लिहिलं नसेल तर ती नक्की तक्रार. तुमच्या चॅसिसला तसं काही नसावं, पण कडा बघून ठेवा.

जकातनाका_मुलुंड:

नो रिटर्नबद्दल. साईट ईबे असेल तर सेलरच्या नो रिटर्नला अशा केसमध्ये काही अर्थ नाही. मनीबॅक गॅरंटी वेगळी, सेलरची रिटर्न पॉलिसी वेगळी. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर डिलिव्हरीपासून ३० दिवसांत रिटर्न रिक्वेस्ट टाकायची. कारण निवडताना वर्णनाप्रमाणे नाही हेच निवडा. विचार बदलला किंवा बसत नाही असलं काही निवडलंत की परतीचा खर्च तुमच्या गळ्यात आणि नो रिटर्न पण लागू. सेलरला ३ कामाचे दिवस मिळतात, त्याने काही केलं नाही तर ईबेला मध्ये पडायला सांगा असा पर्याय येतो. तो आपोआप होत नाही, आपल्यालाच दाबावा लागतो, लोक तिथेच वाट बघत बसतात आणि तारखा उलटून जातात.

सगळं बोलणं साईटच्या मेसेजमध्येच. व्हॉट्सॅपवर या म्हणाला तर जाऊ नका, तिथलं कोणी वाचत नाही. अर्धे पैसे घ्या आणि मिटवा म्हणाला तर नीट विचार करा, पार्शल रिफंड स्वीकारला की रिक्वेस्ट बंद. आणि पेपालने पैसे दिले असतील तर तिथली खिडकी मोठी आहे, १८० दिवस, पण दोन्हीकडे एकदम तक्रार ठोकू नका, एकीकडचं त्याने बंद पडतं.

फीडबॅक आत्ता देऊ नका. ६० दिवस असतात, निकाल लागला की निवांत द्या. निगेटिव्हची धमकी तर मुळीच नको, ती उलटी अंगावर येते.

आता कडू भाग. भरलेली कस्टम ड्युटी सेलर देणार नाही, ती त्याच्याकडे गेलीच नाही. कस्टम्स कायद्यात कलम ७४ आहे, ड्युटी भरून आणलेला माल जसाच्या तसा परत बाहेर पाठवला तर ड्रॉबॅक (ड्युटीचा परतावा) मिळतो, पण एका चॅसिससाठी ती कागदपत्रं करायची म्हणजे त्यापेक्षा नवीन इंजिन घ्यावं. खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, आणि आपला हा छंद कस्टम्सच्या टेबलावर बऱ्याचदा खेळणंच ठरतो. त्यामुळे बोली लावताना वस्तूची किंमत धरायचीच नाही, घरपोच किती पडेल ते धरायचं.

वाफेचा_जमाना:

एवढं सगळं करून शेवटी प्लॅस्टिकची गाडी गोल गोल फिरवायची 😄

सोपान_मिस्त्री:

मेर्कलिनची जुनी बऱ्यापैकी धातूची असतात साहेब. पायावर पडली की कळतं.

सिन्नरची_लोको:

रूळबाज दादा, रिटर्न बिटर्न करण्यापेक्षा ते डीसीला कन्व्हर्टच का नाही करत? फील्ड कॉइल काढून मॅग्नेट बसवायचा, किट मिळतात.

सोपान_मिस्त्री:

ताई, मॅग्नेट बसवणं सोपं आहे, ते अर्ध्या तासाचं काम. त्रास चाकांचा आहे. एसीच्या इंजिनात दोन्ही बाजूची चाकं धातूनेच जोडलेली, म्हणून तर ह्यांचा कंट्रोलर ट्रिप होतोय. दोन रुळांसाठी एका बाजूची चाकं इन्सुलेट करावी लागतात, मोटर बोगीत ती गिअरसकट बदलावी लागतात, मग करंट दोन्ही रुळांवरून उचलायला नवीन पिकअप लावा. तेवढं करूनही जुन्या मेर्कलिनच्या चाकांची फ्लँज (आतली कड) खोल असते, कोड ८३ सारख्या बुटक्या रुळावर खिळ्यांच्या डोक्यांवर ठकठक करत जाते, आणि दोन चाकांमधलं अंतर किंचित कमी असल्याने पॉइंटवर (रूळ बदलतात तिथे) चढते. गेज (रुळांमधलं अंतर) दोन्हीकडे १६.५ मिमीच, त्यामुळे माणसाला वाटतं बसेल. बसतं. चालत नाही.

डिजिटल तीन रुळांसाठी मात्र मॅग्नेट बसवून डीकोडर टाकतात लोक, ते छान होतं. पण त्याला ट्रॅक तसा पाहिजे.

रूळबाज_ठाणे:

अपडेट. सगळ्यांचं ऐकून एकाच मुद्द्यावर रिक्वेस्ट टाकली, व्हिडिओ जोडला. जर्मन ट्रान्सलेटरने केलं, पण लहान वाक्यं ठेवली. सेलर एकदम नरमला. म्हणाला सासऱ्यांचं सामान आहे, मला त्यातलं कळत नाही, माळ्यावर अजून एक चॅसिस सापडलंय ज्याच्यात तार नाहीये, ते पाठवतो, आणि तुम्हाला कस्टम्स लागू नये म्हणून पाकिटावर गिफ्ट लिहितो. माणूस चांगला निघाला की. हो म्हणू का?

जकातनाका_मुलुंड:

थांबा!! गिफ्ट अजिबात नको. डिसेंबर २०१९ पासून बाहेरून गिफ्ट म्हणून ड्युटी न भरता पोस्टाने-कुरियरने येणाऱ्या मालाला बंदी आहे, जीवरक्षक औषधं आणि राख्या सोडून. तुमचं चॅसिस राखी नाही. पार्सल अडकलं तर बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्टाच्या खेपा तुम्ही घालणार, तो नाही. त्याला सांगा खरं लिही, बदली पार्ट, खरी किंमत.

आणि बदली माल येईपर्यंत रिक्वेस्ट बंद करू नका. तारीख जवळ येत असेल तर गोडीत सांगा की आधी रिफंड कर, मग नवीन चॅसिस वेगळं लिस्ट कर, मी विकत घेतो. त्यामुळे दुसऱ्या मालालाही गॅरंटी लागते. नाहीतर उद्या तेही भलतंच निघालं तर तक्रार कशावर करणार, त्याची ऑर्डरच नसेल.

नेकारकाठचा_पक्या:

+१. आणि ह्या वेळी पैसे द्यायच्या आधी तीन फोटो माग. खालून, मोटरचा जवळून, आणि चाकांच्या आतल्या बाजूचा. इन्सुलेशन असेल तर चाक आणि ॲक्सलच्या मधे किंवा रिमच्या आत प्लॅस्टिकची रिंग दिसते. तार नाहीये एवढ्यावर जाऊ नको, कोणीतरी आधीच मॅग्नेट बसवून तीन रुळांसाठी डिजिटल केलेलं असू शकतं, मग चाकं परत शॉर्टच.

रूळबाज_ठाणे:

फोटो मागवले. पक्या तुझी जीभ काळी आहे, मॅग्नेट आहे पण चाकं पूर्ण धातूची, रिंग कुठेच नाही, आणि एका कोपऱ्यात डीकोडर चिकटवलेला. नम्रपणे नको म्हणून कळवलं, रिफंडच द्या म्हटलं. तयार झाला, रिटर्न लेबल पाठवलं, आणि ते लेबल जर्मनीतल्या जर्मनीतलं आहे 🤦 ठाण्याच्या पोस्टात दाखवलं तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या हे काय आहे.

जकातनाका_मुलुंड:

हसू आवरत नाहीये, पण हे नेहमीचं. मेसेजमध्येच लिहा की हे लेबल भारतातून चालत नाही, पोस्टेजचे पैसे आधी पाठव. पोस्टातून आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टचा रेट काढून त्याचा फोटो जोडा. ट्रॅकिंग नसलेलं स्वस्त काहीतरी पाठवू नका, पोचल्याचा पुरावा नसेल तर रिफंड अडतो. डिक्लेरेशनवर रिटर्न्ड गुड्स लिहा, नाहीतर तिकडे त्याला परत टॅक्स लागेल आणि पुन्हा भांडण.

सिन्नरची_लोको:

दादा, परत पाठवायच्या आधी एक विचारू का. माझ्या भावाकडे नाशकात मेर्कलिनचा तीन रुळांचा सी ट्रॅक आहे, त्याला व्ही २०० चं चालू एसी चॅसिस हवंच आहे. सेलर जर म्हणाला की परत नको, अर्धे पैसे घ्या, तर उरलेले आम्ही देतो. पोस्टेज वाचेल सगळ्यांचं.

रूळबाज_ठाणे:

ताई, हे बेस्ट. सेलरला विचारतो, निम्म्याच्या वर देत असेल तर चॅसिस तुमच्या भावाचं. ग्रीस मात्र त्यालाच साफ करू दे.