मदत हवी आहे : ज्युदोत मागे पडताना डावा हात आधी टेकतो

ज्युदो सुरू करून ४ महिने झाले. उकिडवं बसून मागे पडणं, म्हणजे उशिरो उकेमी, नीट जमतं : हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर आपटतात. घोळ होतो तो जोडीदाराने उजवा ओसोतो-गारी (बाहेरून पाय झाडून मागे पाडणारी फेक) मारल्यावर. उजवी बाही त्याच्या मुठीत असते; मोकळा डावा हात आपोआप मागे जातो, कोपर ताठ, सगळा भार मनगटावर. मनगटं मोडतात ती अशीच.

हात छातीवर दुमडून रोज २० वेळा पडून पाहिलं, जाड गादीवरही. ठरवून पडलं की बरोबर, अनपेक्षित फेकीत पुन्हा तेच. मनगट सध्या दुखत नाही. घरी मॅट आहे, जोडीदार नाही.

अचानक तोल जाण्याचा सराव एकट्याने कसा करावा? की तोवर फेकी बंद ठेवून अर्ध्या उंचीवरूनच पडत राहावं?