मदत हवी आहे: 'विच'ला मराठीत काय म्हणू?

ॲलिक्स हॅरो यांच्या 'द वन्स अँड फ्यूचर विचेस' (2020) या कादंबरीतली वीसेक पानं वाचनगटासाठी मराठीत करतेय. फक्त आपसात वाचायला, छापायचं नाहीये. कथा 1893 सालच्या अमेरिकेतल्या न्यू सेलम नावाच्या काल्पनिक शहरात घडते. तीन दुरावलेल्या बहिणी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत जादू आणू पाहतात. शिवीसारखा वापरला जाणारा 'विच' हा शब्द त्या स्वतःहून, ताठ मानेनं मिरवतात. माझं घोडं अडलंय ते इथंच.

'चेटकीण' लिहिलं की बालनाट्यातली नाकाड्या म्हातारी डोळ्यांसमोर येते. 'जादूगारीण' अगदीच सर्कशीतली. 'हडळ' तर भूत, बाद. अर्थाच्या सर्वांत जवळ जातो तो 'डाकीण'. पण सातपुड्यात, नंदुरबारकडे, हाच शिक्का मारून आजही बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढतात. तो शब्द मी इथं बसून अभिमानाचा म्हणून वापरणं मला जड जातंय. 'विच' तसाच ठेवून पाहिला, तर शिवीचा डंखच गेला.

पुस्तकात मंत्रांचे शब्द बायकांच्या अंगाईगीतांत, बडबडगीतांत दडलेले आहेत, म्हणून शब्द घरगुती, आजीच्या तोंडी शोभेल असा हवा. संस्कृत नको (कुणीतरी 'अभिचारिणी' सुचवलंय, कृपा करा!). तळटीपही नको, कारण मोठ्यानं वाचणार आहोत.

तुमच्याकडे, विशेषतः कोकणात, खानदेशात किंवा विदर्भात, जादूटोणा करणाऱ्या जिवंत बाईला बोलीत आणखी काय म्हणतात, आणि तो शब्द कुणी स्वतःबद्दल थट्टेनं तरी वापरताना ऐकलाय का?