पणजीतल्या मिरामारच्या फ्लॅटमध्ये आर्को दिवा : पंखा, खारा वारा आणि 65 किलोचा पाया

मिरामार_तिसरा_मजला
हॉल 12 × 16 फूट, स्लॅब साडेनऊ फुटांवर, मधोमध 48 इंची पंखा. जेवणाच्या टेबलावर वरून उजेड हवाय, पण घर भाड्याचं, स्लॅबला ड्रिल मारायचं नाही. इटलीच्या कास्तिल्योनी बंधूंनी 1962 साली तिथल्याच फ्लॉस या दिव्यांच्या कंपनीसाठी केलेला आर्को मनात आहे : जमिनीवर संगमरवरी पाया, त्यातून निघून पुढे झुकणारी स्टीलची कमान आणि तिच्या टोकाला शेड. पंख्याला अडेल का? नक्कल घेतली तर चालेल का? गॅलरीतून खारा वारा थेट आत येतो.

कंदील
छताला भोक न पाडता टेबलावर उजेड आणायचा, याच कामासाठी तो केलाय. निवड बरोबर आहे.

आर्कोची उंची साधारण 240 सेंमी. तुमचा स्लॅब 290 वर, नेहमीच्या दांडीच्या पंख्याची पाती 260 च्या आसपास. मध्ये जेमतेम वीतभर जागा उरते आणि कमान हात लागला तरी डुलते. पात्यांचा घेर मध्यापासून 60 सेंमी असतो. कमानीचा उंच भाग मध्यापासून निदान 90 सेंमी लांब ठेवा. त्यासाठी टेबल भिंतीकडे सरकवावं लागेल. शेडच्या वरच्या अंगाला हवेसाठी भोकं आहेत, त्यांतून थोडा उजेड वर जातो. पंख्याखाली शेड आली तर छतावर सावल्या नाचतात आणि जेवताना डोकं उठतं.

दगडफोड्या
नकलेचा पाया आधी तपासा. लांबी, रुंदी, उंची सेंमीत गुणायची, 2.7 ने गुणून 1000 ने भागायचं, की संगमरवराचं वजन किलोत येतं. मूळ पाया सुमारे 65 किलोचा. विक्रेता 20 × 20 × 40 म्हणत असेल तर तो 43 किलोच भरतो. कमान दोन मीटर बाहेर झुकलेली, पोराने शेड ओढली की सगळं टेबलावर.

पायाला आरपार भोक असतं, त्यात टॉर्च मारून बघा. अखंड दगड असेल तर दगडाची बाहेरची रेघ भोकात वळलेली दिसते. काँक्रीटवर पातळ लादी चिकटवलेली असेल तर भोकाच्या कडेला सांधा दिसतो.

ते भोक उचलण्यासाठीच आहे : झाडूचा दांडा घालून दोघांनी धरायचं. आपल्या हिरांच्या केरसुणीला दांडाच नसतो आणि मॉपचा पोकळ दांडा वाकतो, तेव्हा जाड जीआय पाइपला फडका गुंडाळून घाला, म्हणजे भोकाची कड टवकणार नाही. कमान आधी काढून ठेवायची.

सोलकढी, लिंबू, व्हिनेगर सांडलं तर लगेच पुसा. आंबटाने पॉलिश जाऊन पांढरट चट्टा पडतो. तो डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो, त्यामुळे घासून जात नाही, पुन्हा पॉलिश मारावं लागतं.

तीनपिन
इटलीतही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर नको. प्लग मात्र बदला. ॲडॅप्टर सैल बसतो आणि पिना काळ्या पडतात. 6 अँपिअरचा आयएसआय प्लग घ्या : तपकिरी वायर फेजला, निळी न्यूट्रलला, पिवळी-हिरवी अर्थला. नकलेत अर्थची वायर नसेल आणि चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूणही नसेल, तर चालू करू नका.

तिकडचा प्लग उलटसुलट कसाही बसतो. म्हणून नवा प्लग लावल्यावर, सॉकेटमध्ये घालण्याआधी, दिव्याचा स्विच चालू ठेवून मल्टिमीटरने बघा : फेजची पिन बल्बच्या होल्डरच्या मधल्या टोकाशी जोडलेली हवी. होल्डरच्या आट्यांशी जोडलेली निघाली तर बल्ब बदलताना शॉक बसेल.

बल्ब आट्यांचा ई-27 लागतो, खटक्याचा बी-22 नाही. 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा घ्या. डिमर असेल तर डिमेबल एलईडीच, नाहीतर लुकलुकतो.

पावसाळ्यात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागला तर पहिला संशय होल्डरवर. पितळेवर हिरवट थर आला असेल तर होल्डर बदला.

मिरामार_तिसरा_मजला
नकलेवाला म्हणतो, चुंबक चिकटत नाही म्हणजे कमानीचं स्टील 304 ग्रेडचं.

कंदील
202 या हलक्या ग्रेडलाही चिकटत नाही, आणि मिरामारच्या हवेत ते लवकर गंजतं. स्टीलच्या दुकानात 202 ओळखायचं टेस्टिंग लिक्विड मिळतं. थेंब कमानीच्या आतल्या बाजूला टाका, डाग राहतो. लाल झालं तर ते 202, परत पाठवा.

304 वरही मीठ बसून तपकिरी ठिपके येतात. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याच्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. भांड्यांची तारेची घासणी लावू नका, तिचे लोखंडी कण अडकून गंजतात. आणि लादी ॲसिडने पुसणं बंद करा : स्टील आणि संगमरवर, दोन्ही त्यानेच जातात.